डावं हब

मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. म्हणजे डिग्रीच्या कागदावर तसं लिहिलंय. प्रत्यक्षात कॅम्पसमधून उचलला गेलो तो थेट हिंजवडीत येऊन पडलो, आणि तेव्हापासून कीबोर्ड सोडून कुठल्याही यंत्राला हात लावलेला नाही. डिफरन्शिअल नावाचा प्रकार मी तिसऱ्या वर्षाला शिकलो, व्हायव्हात त्याच्यावर धडाधड उत्तरं दिली आणि घरी जाताना बसमध्ये विसरलो.

तो मला पुन्हा भेटला जुलै २०२४ मध्ये, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खाणीत. संध्याकाळी सव्वासहाला, उतारावर, पावसात.

तर झालं असं की आमच्या कंपनीचं एक प्रॉडक्ट आहे. गाडीत एक डबी बसवायची, ड्रायव्हरच्या हातात एक टॅबलेट द्यायचा. डबी गाडीची माहिती पाठवते, आणि टॅबलेटवर ड्रायव्हरने रोज सकाळी गाडी तपासून वीस प्रश्नांची उत्तरं भरायची. ब्रेक ठीक? हो. हॉर्न ठीक? हो. फोर व्हील ड्राइव्ह ठीक? हो. सगळे 'हो' झाले की स्क्रीनवर हिरवी टिक येते. तो फॉर्म मी बनवला होता. खाणीत माती आणि कोळसा हलवायचं कंत्राट घेतलेल्या एका कंपनीने (नाव नको) आपल्या चाळीसेक फोर बाय फोर पिकअप आणि जीपगाड्यांसाठी ते घेतलं, आणि चार महिन्यांनी "साइटवर जाऊन जरा बघून ये" म्हणून मला तीन आठवड्यांसाठी पाठवण्यात आलं. नागपूरपर्यंत विमान, पुढे दीडशे किलोमीटर रस्ता.

उघडी खाण कधी बघितली नसेल तर एक उलटं स्टेडियम डोळ्यांसमोर आणा. पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाणारा प्रचंड खड्डा. वरची पायरी काळ्या मातीची, तळाला कोळसा. या पायऱ्यांना जोडणारे रस्ते म्हणजे हॉल रोड, आणि त्यांच्यावरून शंभर टनी डंपर फिरतात, ज्यांचं चाक माझ्यापेक्षा उंच आहे. डंपरच्या ऑपरेटरला आपल्या पुढ्यातली छोटी गाडी दिसतच नाही. म्हणून प्रत्येक पिकअपवर एक लांब काठी आणि तिच्या टोकाला लाल झेंडा. पहिल्या दिवशी मला तो झेंडा कुठल्यातरी पक्षाचा वाटला होता :-)

माझ्यासाठी जी पिकअप दिली होती तिचे ड्रायव्हर काका पन्नाशीचे. आधी गोसीखुर्दच्या कालव्याच्या कामावर गाडी चालवलेली, मग ही खाण. पहिल्या सकाळी मी सहाला टॅबलेट घेऊन उभा, तर काका गाडीखाली.

"साहेब, आधी खालून पाहा लागते. गाडी रात्री जिथं उभी होती तिथं जमिनीवर काय टपकलं ते पाहाचं. मंग वरून."

मग मी रोजच त्यांच्यामागे फिरायला लागलो. प्रॉपेलर शाफ्ट हाताने हलवून क्रॉसमध्ये खेळ आहे का ते बघायचं. ग्रीस गनने निप्पलमध्ये ग्रीस भरायचं ते जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. टायरच्या आतल्या बाजूला दगडाने चीर पडलीय का, तिथे हात फिरवायचा, कारण बाहेरची बाजू सगळेच बघतात. नटांवर टामी लावायची. एअर फिल्टर काढून धूळ झटकायची, आणि हवा मारायची तर आतून बाहेर, नाहीतर धूळ कागदात आणखी रुतते. पाण्यातून गाडी गेली असेल तर डिफरन्शिअलच्या डोक्यावरची श्वासाची नळी चिखलाने बुजलीय का ते बघायचं. गरम डिफरन्शिअल एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते. नळी बुजलेली असली तर ते सीलमधून पाणी ओढून घेतं. मग आतलं ऑइल दुधाच्या चहासारखं होतं.

माझ्या वीस प्रश्नांत यातलं जवळपास काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक गंमत कळली. आमच्या सिस्टिममध्ये सर्व्हिसिंगची आठवण दर दहा हजार किलोमीटरला येते. पुण्यात ठीक आहे. पण इथे पिकअप दिवसाला तीसेक किलोमीटर चालते आणि इंजिन दहा-दहा तास सुरू असतं. कधी पहिल्या गिअरमध्ये रांगत, कधी साहेबांच्या एसीसाठी नुसतंच उभं. म्हणजे आमच्या हिशोबाने पहिली सर्व्हिसिंग जवळपास वर्षाने! तोवर त्या इंजिनाने तीन हजार तास तेच ऑइल प्यायलं असतं. वर्कशॉपच्या फोरमनने माझ्याकडे दयेने बघितलं आणि सांगितलं की ते कधीपासूनच तासांवर सर्व्हिस करतात, वहीत लिहून. ॲपमधल्या आठवणीकडे कोणी बघतच नव्हतं.

आता हबबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. थोडं टेक्निकल आहे, पण दोन मिनिटं सहन करा.

या गाड्या नेहमी मागच्या दोन चाकांवर चालतात. चिखल आला की दुसरा छोटा लिव्हर ओढायचा, मग पुढचा ॲक्सलही इंजिनाला जोडला जातो. लिव्हरच्या तीन जागा. टू एच म्हणजे फक्त मागची चाकं. फोर एच म्हणजे चारही. फोर एल म्हणजे चारही, पण गिअर आणखी खाली, ताकद साधारण अडीच पट आणि वेग तेवढाच कमी. कडक कोरड्या रस्त्यावर फोरमध्ये चालवायची नाही, कारण वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, आणि हा फरक सामावून घ्यायला मधे काहीच नसल्यामुळे सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो.

शिवाय त्या जुन्या पिकअपला पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी एकेक चकती होती. तिच्यावर दोन खुणा, फ्री आणि लॉक. हेच ते हब. फ्री असलं की चाक शाफ्टपासून सुटं फिरतं, त्यामुळे साध्या रस्त्यावर पुढचा सगळा बोजा फुकट फिरवावा लागत नाही. चिखलात शिरण्याआधी खाली उतरून दोन्ही चकत्या हाताने लॉकवर फिरवायच्या, मग गाडीत बसून लिव्हर ओढायचा. लॉक नीट बसलं की 'खट्' असा आवाज येतो. काका प्रत्येक वेळी चकतीला कान लावल्यासारखे वाकायचे.

पुढे लिव्हर ओढला की डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागतो. आमच्या डबीची एक वायर त्याच दिव्याला जोडलेली. दिवा लागला की पुण्यातल्या माझ्या स्क्रीनवर 'फोर व्हील ड्राइव्ह सुरू'.

पहिल्या आठवड्यात, एका गुरुवारी, काका चकती फिरवून गाडीत बसले आणि म्हणाले, "डावं हब खट् करत नाही जी. फिरते, पण बसत नाही. गाडी मांगूनच ढकलते."

मी टॅबलेटमध्ये डोकं घालून बसलो होतो. म्हणालो, "फॉर्ममध्ये टाका ना काका."

ते हसले. "तुमच्या ॲपले कान हाय का साहेब?"

मीही हसलो. आणि विषय संपला.

हे वाक्य मी नंतर किती वेळा मनात ऐकलं असेल! कारण फॉर्ममध्ये टाकायला जागाच नव्हती. दोनच बटणं, हो आणि नाही. 'नाही' दाबलं की गाडी सिस्टिममध्ये लाल होते आणि वर्कशॉपने सही करेपर्यंत बाहेर काढता येत नाही. मीच तसं केलं होतं, सेफ्टीसाठी! मला माहीत नव्हतं ते एवढंच की गाडी उभी राहिली की ड्रायव्हरची त्या दिवसाची हजेरी लागत नाही. काकांनी सुपरवायझरला तोंडी सांगितलं होतं. नागपूरहून हबचं सामान येईल, तोवर चालव, असं उत्तर मिळालं होतं. मग काकांनी रोज सकाळी 'हो' दाबलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, सोमवार.

सोमवारी सव्वापाचला पाऊस सुरू झाला. काळ्या मातीवर पाऊस म्हणजे साबणावर पाऊस. वॉकीटॉकीवर हुकूम आला आणि सगळे डंपर जागच्या जागी उभे राहिले. तेवढ्यात निरोप आला की तळाच्या पंपावर दोन माणसं अडकलीत, रस्ता बंद व्हायच्या आत कोणीतरी आणा. जवळ आम्हीच होतो. काका उतरले, दोन्ही हब फिरवले, डाव्यापाशी जरा जास्त वेळ वाकले. मग बसले, फोर एल टाकला, पहिला गिअर. हिरवा दिवा लागला.

"पट्टा लावा. आन् हात आत."

उतारावर ब्रेक दाबायचा नाही, इंजिननेच गाडी धरायची, हा साधा नियम. फोर एलमध्ये, पहिल्या गिअरमध्ये इंजिन चारही चाकांना मागे खेचून धरतं आणि गाडी मुंगीसारखी उतरते. फक्त त्यासाठी चारही चाकं खरोखर जोडलेली हवीत.

आमची नव्हती. आणि इथे माझं तिसऱ्या वर्षाचं डिफरन्शिअल आलं. साधं डिफरन्शिअल फार आळशी असतं, जिकडे विरोध कमी तिकडे फिरतं. डाव्या बाजूचं हब सुटं, म्हणजे डावा शाफ्ट रिकामाच गरगरणार. आणि तो रिकामा फिरला की उजव्या चाकालाही काही मिळत नाही, मग ते हब कितीही घट्ट बसलेलं असो. एक हब गेलं की पुढचा आख्खा ॲक्सल गेला. त्यात उतारावर गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात. म्हणजे सगळा भार धरायला उरली ती नेमकी हलकी झालेली दोन चाकं.

अर्ध्या उतारावर मागचा भाग हळूच डावीकडे निघाला. अगदी सावकाश, कोणी खुर्ची सरकवावी तसा. काकांनी ब्रेक नाही दाबला. स्टिअरिंग घसरणीच्याच दिशेला, डावीकडे वळवलं आणि उलट थोडा ॲक्सिलरेटर दिला, म्हणजे अडकत चाललेली मागची चाकं पुन्हा फिरायला लागावीत. गाडी बरीचशी सरळ झाली, पण तोवर कडा आली होती. आम्ही डावीकडच्या मातीच्या बांधात नाक खुपसून थांबलो. रस्ता उंचावरून जात असेल तिथे कडेला भक्कम बांध हवा, असं कोळसा खाणींच्या २०१७ च्या नियमावलीत आहे. कोणीतरी तो नियम पाळला होता म्हणून मी हे लिहितोय. बांधाच्या पलीकडे पुढची पायरी होती, तीन मजले खाली.

माझ्या कपाळाला टेंगूळ. काकांचा खांदा दारावर आपटलेला. तशाच खांद्याने ते पावसात उतरले आणि आधी चाकांखाली गुटके लावले. मग मला म्हणाले, "भाऊ, तुमाले लागलं का?" तोवर मी 'साहेब' होतो. खाली अडकलेली दोन माणसं अनवाणी, बांधाला धरून धरून, आपल्या पायांनीच वर येताना दिसली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये फोरमनने मला एक प्रयोग दाखवला. कुठेही करता येईल असा साधा. मागच्या चाकांना गुटके, पुढची दोन्ही चाकं जॅकवर, हब लॉक, लिव्हर फोर एलमध्ये, इंजिन बंद पण गिअर टाकलेला. आता उजवं चाक हाताने पुढे फिरवलं तर डावं चाक उलटं फिरायला हवं. त्याने उजवं फिरवलं. डावं चाक ढिम्म. आतला शाफ्ट मात्र बिचारा उलटा फिरत होता. मग त्याने किल्ली फिरवली. डॅशबोर्डवर हिरवा दिवा, झक्क!

दिवा लिव्हर कुठे आहे ते सांगतो. चाकाला काही मिळतंय का, हे त्याला कोणी विचारलेलंच नाही. आणि मी पुण्यात बसून त्या दिव्यावर चाळीस गाड्यांचा हिरवागार रिपोर्ट बनवत होतो.

त्याच संध्याकाळी ईमेल आली. अपघाताची चौकशी आहे, या गाडीचे ड्रायव्हरने भरलेले गेल्या सात दिवसांचे फॉर्म पाठवा. भाषा सभ्य होती, पण अर्थ सरळ होता. चार दिवस 'फोर व्हील ड्राइव्ह ठीक? हो' असं ड्रायव्हरने स्वतः भरलंय, खाली त्याचं नाव आणि वेळ. म्हणजे दोष कोणाचा ते ठरलं. माझ्या मॅनेजरचा फोन आला. "आपण फक्त डेटा द्यायचा. मत द्यायचं नाही." तोही चुकीचं बोलत नव्हता. कॉन्ट्रॅक्टमध्ये असंच आहे.

त्या रात्री गेस्ट हाउसवर मी बराच वेळ नुसता बसून होतो. खरं सांगायचं तर आधी मी स्वतःचीच बाजू मनात मांडून बघितली. ॲप स्पेसिफिकेशनप्रमाणे आहे. 'नाही'चं बटण होतं. त्यांनी दाबलं नाही. सगळं बरोबर होतं, आणि तरी मला माहीत होतं की गुरुवारी त्या गाडीत दोन माणसं होती. एकाने खराबी ओळखली आणि सांगितली. दुसऱ्याने ती ऐकली आणि टॅबलेटकडे बघितलं. रिपोर्टमध्ये पहिल्याचंच नाव येणार होतं.

मग मी एक क्वेरी चालवली. चार महिने, चाळीस गाड्या, रोज वीस प्रश्न. 'नाही' किती वेळा? शून्य. चिखलात, कोळशाच्या धुळीत राबणाऱ्या चाळीस गाड्यांत चार महिने एक हॉर्नसुद्धा बिघडला नाही? हे आकडे महिन्याच्या प्रेझेंटेशनमध्ये 'शंभर टक्के कम्प्लायन्स' म्हणून मीच दाखवले होते, आणि टाळ्याही घेतल्या होत्या.

सकाळी मी मागितलेले फॉर्म पाठवले. सोबत दीड पानाची टीप जोडली. दिव्याची वायर काय सांगते आणि काय सांगत नाही. 'नाही' दाबल्यावर गाडीचं आणि हजेरीचं काय होतं. चार महिन्यांतलं शून्य. आणि शेवटी, ड्रायव्हरने ही खराबी गुरुवारी माझ्यासमोर बोलून दाखवली होती, मी ती नोंदवली नाही, खाली माझं नाव. पाठवायच्या आधी मॅनेजरला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बहुतेक पाठवलीच नसती, एवढा काही मी शूर नाही.

सिनेमात असतं तर पुढे टाळ्या पडल्या असत्या. इथे काकांना काढलं नाही, इतकंच. हात गळ्यात होता ते दोन आठवडे बिनपगारी गेले, आणि नंतर त्यांना पाण्याच्या टँकरवर टाकलं. माझ्या अप्रेझलमध्ये 'क्लायंटशी संवाद सुधारण्याची गरज' असं एक वाक्य आलं. असो.

फॉर्म मात्र बदलला. आता तिसरं बटण आहे, 'चालतंय पण'. ते दाबलं की गाडी अडत नाही आणि हजेरी जात नाही, पण दुरुस्त होईपर्यंत ती पावसात उतारावर न्यायची नाही असा निरोप सुपरवायझर आणि वर्कशॉप दोघांना जातो. खाली माइकचं चिन्ह, बोलून टाका, नाहीतर गाडीचा आवाजच रेकॉर्ड करा. सर्व्हिसिंग इंजिनाच्या तासांवर. महिन्यातून एकदा जॅक लावून हबचा तो प्रयोग. पहिल्याच आठवड्यात माझा हिरवागार डॅशबोर्ड कावीळ झाल्यासारखा पिवळा पडला. मीटिंगमध्ये एकाने विचारलं, "गाड्या अचानक इतक्या बिघडल्या कशा?"

काका डिसेंबरात पुन्हा पिकअपवर आले. त्या गाडीच्या व्हॉइस नोट्स मी अजूनही शनिवारी सकाळी चहा पिताना ऐकतो, कोणी सांगितलेलं नसताना. बहुतेक वेळा 'क्रॉसमधी खेळ हाय', 'मांगच्या पाट्याचा आवाज येते' असं काहीतरी असतं. त्यातली पहिली नोट चार सेकंदांची आहे. आधी नुसता वारा, लांबून एका डंपरचा रिव्हर्स हॉर्न, आणि मग अगदी माइकजवळ,

खट्.

"बसलं भाऊ."